मोटारसायकलची मूठ आणि हाताला येणाऱ्या मुंग्या

चौफुल्याहून मोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुपे लागते. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे ‘पुणे-सुपे’ या जोडनावाने इतिहासात पोचलेले हे गाव बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात आहे. येथून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामावर जायचे असो, वा दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोचवायचे असोत, मोटारसायकलला पर्याय नाही. दोन-अडीच तास हँडल धरून घरी आलेल्या माणसाच्या बोटांना मुंग्या येतात, चहाचा कप उचलताना हात आपला वाटत नाही. रोज हडपसरहून हिंजवडी गाठणाऱ्या पुणेकरालाही हा अनुभव नवा नाही. हात दुखणे सोसता येते; परंतु ज्या बोटांनी ब्रेक दाबायचा तीच बधिर झाली, तर प्रश्न केवळ आरामाचा राहत नाही.

आपल्याकडील शंभर सीसीच्या आसपासच्या मोटारसायकलींना सहसा एकच सिलिंडर असतो. त्यातील पिस्टनच्या वर-खाली होण्याने निर्माण होणारे हादरे पूर्णपणे शमवणे अवघड असते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० हादरे सांगाड्यातून हँडलकडे आणि तेथून तळहाताकडे येतात. अशा कंपनांचा हातावर होणारा परिणाम वैद्यकशास्त्राला जुनाच परिचित आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात दगडाच्या खाणींवर हवेच्या दाबाची हत्यारे चालवणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी पडत असल्याचे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये नोंदवले होते. युरोपीय संघाने तर २००२ मध्ये कामगारांसाठी याबाबतची मर्यादाच घालून दिली. आठ तासांच्या कामाच्या हिशेबाने हाताला बसणारे कंपन २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग या पातळीला पोचले की मालकाने उपाय योजायचे आणि ५ च्या पुढे ते जाऊच द्यायचे नाही, असा तो नियम आहे. मोटारसायकलस्वाराला अर्थातच असा कोणी मालक नसतो.

मुठीला काही गुंडाळण्यापूर्वी कोणती बोटे बधिर होतात, ते पाहावे. करंगळी व तिच्या शेजारच्या अनामिकेला मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडील बाजूने जाणाऱ्या ‘अल्नर’ या मज्जातंतूवर दाब पडत असण्याची शक्यता अधिक. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनाही हाच त्रास होतो. अंगाचा भार हँडलवर टाकून बसण्याची सवय त्याला कारणीभूत ठरते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, तर मनगटातून जाणारा ‘मीडियन’ मज्जातंतू दबत असतो व दोष बहुधा मनगट वाकवून धरण्यात असतो. पहिल्या प्रकारात मऊ मूठ उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात तिचा उपयोग थोडाच.

म्हणून सर्वांत स्वस्त उपाय पान्याचा. क्लच आणि ब्रेकचे दांडे ज्या पट्टीने हँडलला आवळलेले असतात, तिचा बोल्ट किंचित सैल करून दांडा वर-खाली फिरवता येतो. गाडीवर नेहमीसारखे बसावे, डोळे मिटून हात मुठीवर ठेवावेत आणि बोटे दांड्यावर न्यावीत. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष येईल, तेथे दांडा पक्का करावा. शोरूममधून गाडी जशी आली तशीच अनेक जण वर्षानुवर्षे चालवतात. हा बोल्ट सैल होतो, हेच त्यांना ठाऊक नसते.

हादरे मुळात कोठून येतात, याचीही चौकशी आधी करावी. इंजिन सांगाड्याला जोडणारे बोल्ट ढिले झाले असतील, साखळी सैल असेल, चाकाचा आकार बिघडला असेल, तर मुठीवरची गादी म्हणजे तापावर नुसती पाण्याची पट्टी. सुप्यासारख्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन लटकवले की पुढचे चाक हलके होते आणि हँडल डुलू लागते. हे डुलणे वेगळे. त्यावर टायरमधील हवा, भाराची विभागणी आणि कमी वेग हेच उपाय.

एवढे करूनही मूठ बोचत असेल, तर सायकलची जुनी ट्यूब कामाला येते. पंक्चर काढणाऱ्याकडे ती बहुधा फुकट मिळते. मुठीपेक्षा थोडा आखूड तुकडा कापावा, साबणाच्या पाण्याने धुऊन आतून ओला असतानाच मुठीवर ताणून चढवावा आणि रात्रभर वाळू द्यावा. सुरुवातीचे काही दिवस हाताला काळे लागते. टेनिस-बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात ती पट्टी अधिक सुबक. घाम टिपते, पातळ असते, मळली की बदलता येते. बाहेरच्या टोकाकडून आत अशी तिरकी गुंडाळत यावे आणि शेवटी चिकटपट्टी लावावी. मूळ रबरच कडक झाले असेल, तर मूठच बदलावी. बारीक पेचकस मुठीखाली सरकवून साबणाचे पाणी सोडले, किंवा हवा भरण्याच्या नळीने फुंकर मारली, की जुनी मूठ निघते. नवी बसवताना तेल किंवा ग्रीस चुकूनही वापरू नये. डाव्या व उजव्या मुठीची भोके सारखी नसतात, हेही दुकानात लक्षात ठेवावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. डावी मूठ हे नुसते धरायचे साधन आहे. उजवी मूठ म्हणजे रेस. तिच्यावर चढवलेली ट्यूब वा पट्टी आतल्या बाजूच्या स्विचच्या डबीला किंवा बाहेरच्या टोकावरील वजनाला घासली, तर पिळलेली रेस परत येत नाही. दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटरची मोकळी जागा सोडावी. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग सरळ, मग पूर्ण उजवीकडे वळवावे आणि प्रत्येक वेळी रेस पूर्ण पिळून सोडावी. ती तिन्ही वेळा झटकन मागे आली पाहिजे. जरा जरी अडखळली, तरी सगळे काढून टाकावे.

जाड स्पंजाबद्दल मात्र सावधगिरीचाच सल्ला द्यावा लागेल. एसीच्या तांब्याच्या नळीवर असते तसले काळे फोम चिरून मुठीवर चढवण्याची युक्ती अनेक जण सांगतात. पहिल्या दिवशी ते सुखाचे वाटते. पण मूठ जाड झाली की लहान हाताला ती आवळून धरावी लागते, बोटे ब्रेकपर्यंत उशिरा पोचतात आणि हात उलट लवकर दमतो. साधा स्पंज पावसात पाणी पितो. प्रस्तुत लेखकाने एका जुलैत तो प्रयोग केला आणि आठवडाभर पिळून काढलेल्या फडक्यावर हात ठेवल्यासारखे गाडी चालवली.

हँडलच्या टोकांना बसणारी पोलादी वजने हा त्याहून बरा मार्ग. त्यांनी कंपन नाहीसे होत नाही, ते ज्या वेगाला सर्वाधिक जाणवते तो वेग बदलतो. आरशातील चित्र कोणत्या वेगाला थरथरते, हे वजन लावण्याआधी आणि नंतर पाहिले की फरक कळतो.

गाडीवरून उतरल्यावर काही मिनिटांत मुंग्या जात असतील, तर वरील उपाय पुरेसे आहेत. मुंग्यांनी रात्री झोपमोड होत असेल, हातातून वस्तू निसटत असतील किंवा थंडीत बोटे पांढरी पडत असतील, तर गॅरेजऐवजी दवाखाना गाठावा. मज्जातंतूंच्या वहनाची चाचणी करून दाब नेमका कोठे आहे, हे डॉक्टरांना सांगता येते.