चिंध्या आणि गोधडी

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या जेवणात मंडळातल्या एका स्नेह्यांनी मला बाजूला घेतले. त्यांची मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती. "सर, ही एन्व्हायर्नमेंटल स्टडीज घ्यायचे म्हणते. थोडे केमिस्ट्री, थोडे कायदे, थोडा इतिहास. म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या! याला डिग्री म्हणायची का?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. मुलगी ताट घेऊन शेजारीच उभी होती. तिला मराठी समजते, त्यामुळे म्हणही समजली असावी.

त्या वेळी मी घाईत काहीतरी उत्तर दिले. पण माझी उमेदीची वर्षे मातीचे रसायनशास्त्र शिकवण्यात आणि असाच एक अभ्यासक्रम आखण्यात गेली आहेत. तेव्हा नीट उत्तर दिले पाहिजे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पर्यावरण हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवणारा अमेरिकेतला सर्वांत जुना मानला जाणारा पदवी अभ्यासक्रम व्हर्माँटमधल्या मिडलबरी कॉलेजात १९६५ साली सुरू झाला. रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाने १९६२ मध्ये कीटकनाशकांवर वादळ उठवले होते. तरी विद्यापीठे खऱ्या अर्थाने हलली ती १९६९ मध्ये. २८ जानेवारीला कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या समुद्रात तेलविहीर फुटली आणि मैलोन्‌मैल किनारा काळा झाला. जून महिन्यात ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये कायाहोगा नदीवर तरंगणाऱ्या तेलाने पेट घेतला. ही नदी त्याआधीही अनेकदा पेटली होती, पण तेव्हा देशाने लक्ष दिले नव्हते.

सांता बार्बराची गोष्ट अभ्यासक्रमाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती विहीर का फुटली? नियमाप्रमाणे जेवढ्या खोलीपर्यंत पोलादी आवरण घालायचे, त्यापेक्षा कमी घालण्याची सवलत सरकारी खात्यानेच दिली होती. विहिरीचे तोंड बंद केल्यावर दाब वाढला आणि तळाच्या भेगांमधून तेल वर आले. आता हा विषय कोणाचा? भूगर्भशास्त्राचा, अभियांत्रिकीचा, की सवलत देणाऱ्या कायद्याचा? तिथल्या विद्यापीठातले वेगवेगळ्या विभागांचे प्राध्यापक या प्रश्नावर एकत्र बसले आणि १९७० मध्ये पर्यावरण अभ्यासाचा कार्यक्रम उभा राहिला. त्याच्या संस्थापकांमध्ये रॉडरिक नॅश होते. ते शास्त्रज्ञ नव्हते, इतिहासकार होते. त्याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे इथल्या नव्या शाखेने तर सारा अभ्यास विषयांऐवजी प्रश्नांभोवती रचून पाहिला.

स्नेह्यांच्या मनातला खरा प्रश्न नोकरीचा होता. त्याचेही उत्तर इतिहासात आहे. १ जानेवारी १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली. पर्यावरणावर मोठा परिणाम करणारा कोणताही संघीय प्रकल्प हाती घेण्याआधी त्या परिणामांचा लेखी अहवाल या कायद्याने सक्तीचा केला. नैसर्गिक विज्ञाने आणि सामाजिक शास्त्रे एकत्र वापरा, असे कायद्याच्या कलमातच लिहिले आहे. लिंटन कॉल्डवेल या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांचा त्यात मोठा वाटा होता. २२ एप्रिलला पहिल्या वसुंधरा दिनासाठी सुमारे २ कोटी लोक बाहेर पडले, आणि वर्षअखेर पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली. हे अहवाल लिहिणारी, वाचणारी आणि न्यायालयात तपासणारी माणसे हवी होती. एकाच विषयात मुरलेल्या माणसाचे हे काम नव्हते. सर्वांना एका टेबलाशी बसवून प्रत्येकाचे म्हणणे समजून घेणारा कोणीतरी हवा होता.

मी तेव्हा महाराष्ट्रात होतो. १९७२ च्या दुष्काळात सुट्टीत गावाकडच्या कामावर हजेरीपट लिहायला बसत असे. पाझर तलावाचे काम होते. माती पाणी कशी मुरवते, हे मी पुस्तकात शिकलो होतो. पण झिरपलेले पाणी ज्यांच्या विहिरींना लागले ते खालच्या अंगाचे जमीनवाले होते, आणि डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या बहुतेकांकडे विहीरच नव्हती. हे पुस्तकात नव्हते. हजेरीपटावरच्या नावांवरून मात्र स्पष्ट दिसत होते.

एवढे पाहूनही पुढे मी काय केले, ते सांगतो.

नव्वदच्या दशकात आमच्या कॉलेजात ही पदवी आखायला समिती बसली. सहा विभागांचे सात जण. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. त्यांतले बरेचसे सर्वसाधारण शिक्षणात आणि मुलांच्या निवडीच्या विषयांत जातात. आमच्या वाट्याला ४५ आले, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे पंधरा विषय. पहिल्या बैठकीतल्या मागण्यांची बेरीज सव्वीस विषयांवर गेली! प्रत्येकाला आपला विषय म्हणजे पाया वाटत होता, आणि मलाही. रसायनशास्त्राची दोन सत्रे हवीत, त्याशिवाय माती आणि पाणी कळणार नाही, असा मी हट्ट धरला. आमच्या इतिहासकार सहकाऱ्यांनी एकच विषय मागितला होता: या प्रदेशातल्या जमिनीचा आणि वस्त्यांचा इतिहास. मी त्याला 'सजावट' म्हणालो. तो गळला.

काही वर्षांनी शेवटच्या सत्राच्या मुलांनी शहरातल्या एका जुन्या वस्तीत अंगणांतली माती तपासली. जुन्या घरांचा रंग आणि जवळच्या रस्त्यावर कित्येक वर्षे जळलेले शिसेयुक्त पेट्रोल, यांमुळे मातीत शिसे होते. नमुने उत्तम घेतले होते, आकडे चोख होते. चर्चच्या सभागृहात मुलांनी ते मांडले. एक वयस्कर बाई उठल्या आणि म्हणाल्या, "शिसे आहे हे आम्हाला कळले. ते आमच्याच अंगणात का, ते सांगा."

मुले गप्प. मीही गप्प. तीसच्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' ठरवल्या गेल्या, तिथे घरकर्ज मिळेना, मोठे रस्ते अशाच वस्त्यांमधून काढले गेले, हे मुलांना आम्ही कुठेच शिकवले नव्हते. परत येताना मला तो हजेरीपट आठवला. मी ज्याला सजावट म्हणालो, तेच त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर होते.

मी जाऊन सहकाऱ्यांची माफी मागितली. पुढच्या फेरआखणीत तो विषय आला आणि रसायनाचे एक सत्र गेले. त्याचीही किंमत मोजावी लागली, हे लपवत नाही. नंतरच्या काही मुलांना प्रयोगशाळेतला अहवाल वाचताना अडचण येई आणि त्यांना वेगळी शिकवणी द्यावी लागे. पंधरा विषयांत सगळे बसत नाही.

भारताने दुसरी वाट धरली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय महाविद्यालयांतही सक्तीचा करण्यास सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरवला, आणि त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी. व्यवसायाने ते शल्यविशारद! तिथे सर्वांना थोडे, इथे थोड्यांना पुष्कळ. दोन्हींची गरज आहे.

तर आता स्नेह्यांना उत्तर. चिंध्या असतातच. आपल्या आज्या त्याच चिंध्यांची गोधडी शिवत, आणि ती ऊब देई ती टाक्यांमुळे. म्हणून मुलीने कॉलेज निवडताना विषयांची यादी मोजू नये, टाके पाहावेत. संख्याशास्त्र आणि निदान एक विज्ञान प्रयोगशाळेसह आहे का? कायदा किंवा अर्थशास्त्र आहे का? त्या जागेचा इतिहास आहे का? आणि शेवटच्या वर्षी हे सगळे एकत्र वापरून एखाद्या खऱ्या वस्तीसमोर उभे राहावे लागते का? ही चारही उत्तरे 'हो' असतील तर खुशाल जाऊ द्या.

त्या मुलीने या ऑगस्टमध्ये प्रवेश घेतला. रसायनशास्त्र फार अवघड जाते, असे परवा फोनवर सांगत होती. मी आतून सुखावलो, पण बोललो नाही. आणखी कोणाची मुले अशा विचारात असतील, तर दिवाळीच्या कार्यक्रमात मी फराळाच्या टेबलाजवळच असेन. विषयांची यादी घेऊन या, आपण बसून पाहू.