चौडोलातला चित्ता आणि पोत्यातलं मांजर

कर्जत म्हटलं की पुण्या-मुंबईची मंडळी लगेच "अरे वा, माथेरानजवळ!" म्हणतात. ते रायगडातलं. आमचं कर्जत अहिल्यानगर (म्हणजे २०२४ पर्यंतचं अहमदनगर) जिल्ह्यातलं. तिथे धबधबे नाहीत, फार्महाऊस नाहीत. माळ आहे, ज्वारी आहे, पावसाची वाट बघणं आहे आणि तालुक्यात रेहेकुरीची काळवीटं आहेत. काळवीटांकडे नंतर येतो.

सध्याचा घरगुती प्रश्न असा. आई-बाबा माझ्याकडे बंगळूरला राहायला येताहेत. आईची एकच अट आहे: चिंगी बरोबर येणार. चिंगी म्हणजे आमची मांजर. वय चार वर्षं, वजन साडेतीन किलो, आणि मिक्सर सुरू झाला की थेट कपाटावर. आता हिला आधी गाडीने पुण्याला आणायचं, मग विमानात बसवायचं. इंटरनेटवर 'दहा सोप्या टिप्स' छाप मजकूर पोत्याने मिळतो. पण मला भलताच प्रश्न पडला. घाबरट मांजराला खोक्यात बसवून दूर न्यायचा प्रश्न आपल्याआधी कुणाला पडलाच नसेल का? दोन वीकांत त्यात गेले. उत्तर आहे: पडला होता, आणि चारशे वर्षांपूर्वीच पडला होता.

आधी आपल्याकडचं बघू. आमच्या भागात मांजराला प्रवास घडायचा तो एकाच कारणासाठी, हाकलून द्यायला. बोका फार चोरटा झाला की त्याला पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि सायकलच्या कॅरिअरला लावून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून यायचं. (मांजराचं खरं मराठी 'कॅरिअर' हेच!) त्याला रस्ता कळू नये म्हणून पोतं दोनचारदा गरागरा फिरवायचीही पद्धत होती. तरी आठवड्याने बोका दारात हजर, हे किस्से घरोघरी आहेत. म्हणजे मांजराच्या बाजूने बघितलं तर सौदा सरळ आहे. अंधारी पिशवी आली की घर गेलं. मांजर माणसाला धरून असतं तितकंच, किंवा त्याहून जास्त, जागेला धरून असतं. कोपरा, वास, उंबरा हे सगळं मिळून त्याचं जग. ते जग एका मिनिटात काढून घेतलं तर ते ओरबाडणार नाही तर काय करणार?

गंमत म्हणजे मांजराला उचलून नेण्याचं वावडं जन्मजात नसतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतोच. आई मानेला धरते आणि पिल्लू अंग सैल सोडून लोंबकळतं. आपल्या तत्त्वज्ञांनी त्यावरून 'मार्जारन्याय' काढला. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराचं पिल्लू सगळं आईवर सोपवतं. भक्तीचेही हे दोन प्रकार. पण हा न्याय पिल्लापुरता. मोठ्या मांजराची मान धरली की ते निपचित होतं, त्याला आपण 'शांत झालं' म्हणतो. पशुवैद्यक मात्र हल्ली असं धरू नका म्हणतात. कारण गप्प बसणं वेगळं आणि शांत असणं वेगळं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साध्या मांजराच्या प्रवासाचा इतिहास कुणी लिहून ठेवत नाही. पण त्याच कुळातल्या एका जनावराचा ठेवलाय. चित्ता. दिसायला शिकारी, स्वभावाने मोठ्या मांजरांमधला बहुधा सगळ्यात घाबरट. वाघ-बिबट्या अंगावर येतील, चित्ता शक्यतो पळ काढतो. आणि नेमकं हेच जनावर आपल्याकडचे राजे शतकानुशतकं काळवीटांच्या शिकारीसाठी घेऊन फिरत होते. म्हणजे घाबरट मांजराला प्रवासाची सवय लावणं ही चक्क एक नोकरी होती. विदर्भाकडच्या पारध्यांमध्ये 'चित्ता पारधी' अशी वेगळी शाखाच नोंदलेली आहे.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त याचं खातंच आहे. रानातला चित्ता खड्ड्यात पकडायचा आणि मग शिकवायचा. आधी या शिकवणीला दोन-तीन महिने लागत, अकबराच्या देखरेखीखाली ती अठरा दिवसांवर आली असं तो लिहितो. (दरबारी प्रोजेक्ट रिपोर्ट आहे, थोडा मीठ-मसाला धरा.) त्यातला समंद माणिक नावाचा चित्ता चौडोलातून म्हणजे पालखीतून जायचा. बाजूला नोकर धावताहेत, पुढे नगारा वाजतोय, आणि मध्ये मांजर! कधी चौडोलाचा दांडा दोन घोड्यांच्या मानेवर ठेवून नेत. बाकीच्यांच्या नशिबी साधी बैलगाडी. चित्त्याच्या डोळ्यांवर झापड, कमरेला पट्टा, शेजारी राखणदार. गाडीचा दुहेरी फायदा होता. काळवीट शेतकऱ्याच्या बैलगाडीला बिचकत नसल्यामुळे बरंच जवळ जाता येई, आणि झापडामुळे चित्ताही बिचकत नसे. हवं तिथे पोचलं की झापड काढायचं.

पण झापड ही शेवटची पायरी. खरं काम त्याच्या कितीतरी आधी व्हायचं. जॉन लॉकवुड किपलिंग (रुडयार्डचे वडील, मुंबईच्या जेजे स्कूलमध्ये १८६५ ते १८७५ शिकवत होते) यांनी १८९१ च्या पुस्तकात राखणदारांच्या वस्तीचं वर्णन केलंय. चित्ता गजबजलेल्या मोहल्ल्यात खाटेवर बांधलेला असायचा. राखणदार आणि तो एकाच खाटेवर, एकाच पांघरुणात झोपायचे. आणि घरातल्या बायका-पोरं दिवसभर त्याच्याजवळ बसून नुसती बोलत राहायची. कशाला? तर माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. आज ज्याला आपण भारी नावं देतो, ते ट्रेनिंग हेच. आवाज आधी घरात ऐकवायचा, मग जनावर बाहेर काढायचं.

आपल्याकडे हा खेळ सगळ्यात उशिरापर्यंत टिकला तो कोल्हापुरात. शाहू महाराजांच्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात संस्थानात शिकारी चित्ते पाळलेले होते. देशातला चित्ता तोवर इतका कमी झाला होता की कोल्हापूर, भावनगर यांसारखी संस्थानं आफ्रिकेहून चित्ते मागवत. म्हणजे आफ्रिकेतला माळ, मग पिंजरा, मग जहाज, मग कोल्हापूरची शिकारगाडी. काय वाटलं असेल त्या जनावराला!

आता नाण्याची दुसरी बाजू. हे चित्ते गाडीत निवांत पहुडलेले दिसत. पण ती निवांतपणा कुठून आली? पकडल्यावर सुरुवातीला त्यांना उपाशी ठेवत, झोपूही देत नसत. आणि आत काय चाललंय हे सांगणारा पुरावा जहांगीरने १६१३ च्या सुमारास लिहून ठेवलाय. वडिलांनी हजार चित्ते जमवले होते, त्यांची जोडी जुळावी म्हणून नर-मादी पट्टे काढून बागेत सोडूनही पाहिले, पण जमलं नाही. एकदा मात्र एक नर पट्ट्यातून निसटून मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्लं झाली. कैदेत चित्त्याला पिल्लं झाल्याची त्यानंतरची माहीत असलेली नोंद थेट १९५६ ची आहे, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. साडेतीनशे वर्षांत काही नाही! पालखी मिळाली, नगारा मिळाला, पण जनावर आतून कधी रुळलंच नाही. कैदेत पिल्लं होत नाहीत म्हणून दरवेळी नवे चित्ते रानातूनच धरायचे. मग शिकार, संपत चाललेले माळ आणि संपत चाललेलं भक्ष्य यांच्या जोडीने रान रिकामं होत गेलं. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

विमानाकडे वळू. आकाशातल्या मांजरांपैकी सगळ्यात गाजलेलं मांजर म्हणजे किडो. १५ ऑक्टोबर १९१० ला वॉल्टर वेलमनचं 'अमेरिका' नावाचं हवाई जहाज अटलांटिक ओलांडायला अटलांटिक सिटीहून निघालं. त्यात ऐनवेळी एक मांजर घेतलं होतं. उड्डाण होताच त्याने जो धिंगाणा घातला, त्याने इंजिनिअर व्हॅनिमन वैतागला. हवाई जहाजातून जमिनीकडे रेडिओवर गेलेला पहिला संदेश 'हे मांजर घेऊन जा' अशा अर्थाचा (आणि शिवी घातलेला) होता असं सांगतात. त्याला पिशवीत घालून खालच्या बोटीत सोडायचा प्रयत्न झाला, पण समुद्र खवळलेला, म्हणून परत वर ओढलं. बघा, पोतं तिथेही आलंच! पुढे मात्र एका कोपऱ्यात किडो हळूहळू स्थिरावला. तीन दिवसांनी इंजिनं दमली, बर्म्युडाच्या बाजूला 'ट्रेंट' नावाच्या बोटीने माणसं आणि मांजर सगळ्यांना वाचवलं. मला यातून कळलं ते एवढंच, की किडोला उंचीशी देणंघेणं नव्हतं. अनोळखी आवाज, अनोळखी जागा आणि आदल्या दिवशीपर्यंत कसलीही तयारी नाही, हा सगळा प्रकार होता. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन. :-)

याच्या उलट टोक म्हणजे १७ सप्टेंबर २०२२. नामिबियाहून आठ चित्ते बोइंग ७४७ ने ग्वाल्हेरला उतरले आणि हेलिकॉप्टरने कुनोला गेले. प्रत्येकाचा वेगळा पेटारा, सोबत पशुवैद्यक, आणि प्रवासात मळमळू नये म्हणून रिकामं पोट. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून वायुसेनेच्या सी-१७ ने आणखी बारा आले. पुढे त्यातले काही मेले, वाद झाले, ते खरंच आहे. पण मार्च २०२३ मध्ये नामिबियाच्या एका मादीला कुनोत चार पिल्लं झाली. जहांगीर असता तर नोंद केली असती.

आणि आता रेहेकुरी. १९८० साली झालेलं हे अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. ज्याच्या मागे हे चित्ते सोडले जायचे ते काळवीट तिथे आहे, आणि भित्रेपणात ते मांजराचा बाप आहे. हरणवर्गातलं जनावर दोरीने, धावपळ करून पकडलं तर त्याचे स्नायू आतून निकामी होतात आणि ते काही तासांनी, कधी दिवसांनी मरतं. धसका घेऊन मरणं म्हणतो ते शब्दशः. म्हणून हल्ली 'बोमा' पद्धत वापरतात. नरसाळ्यासारख्या आकारात उंच अपारदर्शक कापड लावायचं. कापडाला जोर काहीच नसतो, पण पलीकडचं दिसत नाही म्हणून जनावर त्याला भिंत समजतं आणि आपल्या पायांनी गाडीत चढतं. चित्त्याचं झापड आणि बोमाचं कापड, तत्त्व एकच. जे दिसत नाही त्याची भीती निम्मी.

मग घरच्या मांजराला हे सगळं लागू पडतं का? पडतं, आणि मोजून झालंय. नेदरलँड्समधल्या २०१४ च्या अभ्यासात निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाली लवकर सावरली. म्हणजे खोकं शत्रू नाहीच! व्हिएन्नातल्या २०१८ च्या अभ्यासात २२ मांजरांपैकी निम्म्यांना २८ छोट्या शिकवण्या देऊन कॅरिअरची सवय लावली. आधी नुसता तळ, मग झाकण, मग दार, मग उचलणं, मग गाडी, आणि दर पायरीला खाऊ. मोटारीत ती मांजरं बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे कमी ताणात होती.

तेव्हा आमचा प्लॅन असा. गेले पाच आठवडे कॅरिअर कर्जतच्या घरात, चिंगीच्या आवडत्या खिडकीखाली उघडा पडलाय. आत आईची जुनी सुती साडी. पहिले काही दिवस बाई फिरकल्या नाहीत, आता दुपारची झोप तिथेच होते. बाबा रोज दार लावून अर्धा मिनिट, मग एक मिनिट, असं करताहेत. मग अंगणापर्यंत, मग राशीनपर्यंत गाडीने फेरी. मोबाईलवर विमानाचा आवाज बारीक लावून ठेवायचा, किपलिंगच्या मोहल्ल्यातल्या बायकांसारखा. प्रवासाआधी काही तास खाणं नाही, कॅरिअरवर पातळ कापड. विमानतळावर तपासणीत मांजर बाहेर काढायला लावतात, म्हणून छातीपट्ट्याची सवयही आतापासूनच, आणि शक्य तर बंद खोलीत तपासा अशी विनंती. तिकीट काढण्याआधी फोन करून विचारायचं, कारण काही कंपन्या मांजर केबिनमध्ये घेऊ देतात, काही अजिबात नेत नाहीत, आणि वजन कॅरिअर धरून मोजतात.

औषधाचं म्हणाल तर मनाने काही देऊ नका. झोपेचं औषध देऊन विमानात बसवणं धोक्याचं मानतात, कारण रक्तदाब आणि श्वास यांचा भरवसा राहत नाही. गॅबापेंटिनने वीस मांजरांमध्ये प्रवासातला ताण कमी झाल्याचा २०१७ चा एक अभ्यास आहे, पण द्यायचं की नाही, किती आणि कधी हे डॉक्टरच ठरवणार. दिलंच तर तालीम घरी आधी.

आणि हे सगळं करूनही चिंगी आत गेल्यावर दगडासारखी गप्प झाली तर? डोळे विस्फारलेले, कान मागे, खाऊ समोर असून तोंड नाही. तर मी "बघ कशी शहाण्यासारखी बसलीये" म्हणणार नाही. समंद माणिकही शहाण्यासारखाच बसायचा. मग तिकीट रद्द करायचं आणि गाडीने, मध्ये मुक्काम करत जायचं. वेळ जास्त लागेल, पण तिथे खिडकी उघडता येते, थांबता येतं, परत फिरता येतं. विमानाला ती सोय नाही.