भाडेपट्ट्यावरील विमान इंजिनांची परतीपूर्व तपासणी

भाडेपट्ट्यावरील विमान इंजिनांची परतीपूर्व तपासणी म्हणजे भाड्याने घेतलेले जेट इंजिन मुदतीअंती मालकाकडे सोपविण्यापूर्वी त्याची यांत्रिक अवस्था, उरलेले आयुष्य आणि नोंदी करारातील अटींशी ताडून पाहण्याची प्रक्रिया होय. मराठीत तिला रूढ संज्ञा नाही. या क्षेत्रात 'रिडिलिव्हरी' हाच शब्द चालतो.

स्वरूप

विमानकंपन्या विमानांप्रमाणेच सुटी इंजिनेही भाड्याने घेतात. एक इंजिन दुरुस्तीला गेले की त्याच्या जागी दुसरे बसवतात. त्यामुळे एका मालकाच्या विमानाला दुसऱ्याच मालकाचे इंजिन लावलेले असणे ही नित्याची बाब आहे आणि विमान परत करताना आधी कोणते इंजिन कोणाचे हे ठरवावे लागते. पुष्कळ करारांत विमानकंपनी उड्डाणतासांच्या व चक्रांच्या हिशेबाने देखभालीसाठी राखीव रक्कम भरत राहते. इतर करारांत परतीच्या वेळी झालेली झीज मोजून भरपाई आकारली जाते. दोन्ही पद्धतींत पैशांचा हिशेब शेवटी तपासणीच्या निष्कर्षांवर येऊन ठेपतो.

यांत्रिक तपासणी

इंजिन न उघडता आतून पाहण्यासाठी बोरस्कोप वापरतात. ही टोकाला कॅमेरा असलेली बारीक लवचीक नळी असते. इंजिनाच्या कवचावरील ठरावीक छिद्रांतून ती आत घालून कॉम्प्रेसरची पाती, ज्वलनकक्ष आणि टर्बाइनची पाती एकेक करून पाहिली जातात. तडे, खाचा, जळलेल्या कडा, उडालेला लेप यांची मापे घेऊन ती निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादांशी ताडतात. मर्यादेतील दोषही नोंदवला जातो, कारण पुढच्या भाडेकरूच्या काळात तो वाढला तर तो कधीपासून होता हा प्रश्न निघतो.

त्यानंतर इंजिन जमिनीवरच पूर्ण शक्तीपर्यंत चालवून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान मोजतात. हे तापमान आणि कमाल अनुज्ञेय तापमान यांतील अंतर नव्या इंजिनात मोठे असते व झिजेबरोबर घटत जाते. ते फार कमी उरले असेल तर इंजिन कार्यशाळेत पाठविण्याची वेळ जवळ आली असे समजतात. तेलातील धातूचे कणही तपासले जातात. बेअरिंगच्या बिघाडाची पहिली खूण बहुधा तेथेच सापडते.

आयुर्मर्यादित भाग आणि नोंदी

फिरत्या चकत्या व शाफ्ट हे भाग ठरावीक चक्रांनंतर, दिसायला सुस्थितीत असले तरी, बदलावेच लागतात. एक उड्डाण व एक अवतरण मिळून एक चक्र होते. ट्रॅक्टरचे इंजिन तासांवर मोजतात. येथे तास आणि चक्रे दोन्ही मोजावी लागतात. सीएफएम-५६ जातीच्या इंजिनांत ही मर्यादा भागानुसार साधारणपणे २०,००० ते ३०,००० चक्रे असते.

अशा प्रत्येक भागाचा कारखान्यापासून आजपर्यंतचा अखंड इतिहास कागदावर दाखवावा लागतो. मधल्या एखाद्या विमानकंपनीची नोंद हरवली, तर भाग निर्दोष असूनही त्याचे उरलेले आयुष्य सिद्ध होत नाही आणि त्याची किंमत कोसळते. याखेरीज सुरक्षाविषयक आदेशांच्या पूर्ततेची यादी, कार्यशाळेचे अहवाल आणि इंजिन अपघातग्रस्त नसल्याचे निवेदन मागितले जाते. परतीचे वाद पुष्कळदा यंत्रापेक्षा कागदांवरूनच लांबतात.

उभ्या इंजिनाची जपणूक

न चालणारे इंजिनही खराब होते. दमट व खारट हवेत, विशेषतः किनाऱ्यावरील विमानतळांवर पावसाळ्यात, गंज लवकर धरतो. म्हणून पुढचे व मागचे तोंड झाकणे, आत आर्द्रताशोषक ठेवणे, संरक्षक तेल वापरणे आणि ठरावीक अंतराने तपासणी करणे आवश्यक असते. सुटे इंजिन रस्त्याने नेताना बेअरिंगला धक्का बसू नये म्हणून खास चौकट व हवेच्या उशांवरील वाहन वापरतात.

गो फर्स्ट प्रकरण

परतीची ही साखळी तुटली की काय होते, हे मुंबईत मुख्यालय असलेल्या वाडिया समूहाच्या गो फर्स्ट कंपनीच्या प्रकरणात दिसले. २००५ मध्ये गोएअर या नावाने सेवा सुरू केलेल्या या कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ३ मेपासून उड्डाणे थांबवली. प्रॅट अँड व्हिटनीच्या सदोष इंजिनांमुळे आपली २५ विमाने जमिनीवर असल्याचे तिचे म्हणणे होते; इंजिननिर्मात्याने तो आरोप नाकारला. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने १० मे रोजी अर्ज दाखल करून घेतला. त्याबरोबर लागू झालेल्या स्थगनामुळे मालक कंपन्यांना भाडेकरार संपवूनही विमाने परत घेता येईनात.

विमाने निरनिराळ्या विमानतळांवर उभीच राहिली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मालकांना तपासणीची आणि महिन्यातून किमान दोनदा देखभालीची मुभा दिली, तसेच त्यांच्या लेखी संमतीशिवाय सुटे भाग वा नोंदी हलवण्यास मनाई केली. तपासणीनंतर काही विमानांचे भाग गायब असल्याची तक्रार मालकांनी न्यायालयात केली. अखेर २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा आदेश दिला. तोवर जवळजवळ एक वर्ष उलटले होते.

कायदेशीर चौकट

विमाने व इंजिने यांवरील मालकांच्या हक्कांसाठी २००१ मध्ये केपटाऊन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात इंजिन ही विमानाच्या सांगाड्यापासून वेगळी वस्तू मानली आहे. भारत २००८ मध्ये या करारात सामील झाला. मात्र त्याला देशांतर्गत कायद्याचे बळ दीर्घकाळ मिळाले नाही. ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने विमाने व इंजिने दिवाळखोरीतील स्थगनातून वगळण्यात आली. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये संसदेने या कराराची अंमलबजावणी करणारा स्वतंत्र कायदा संमत केला.