पावसाळ्यातली बिदागी

तमाशाच्या फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि वैशाखातल्या जत्रा संपल्या की मिटतं. मधले चार महिने तंबू बांधून ठेवलेला असतो, हातात पैसा नसतो, आणि पुढच्या हंगामासाठी कलावंतांना उचल मात्र याच दिवसांत द्यावी लागते. ती दिली नाही तर माणसं दुसऱ्या फडात जातात. हे ध्यानात असल्याशिवाय तात्यांनी मला सांगितलेली गोष्ट नीट कळायची नाही.

तात्या सांगली जिल्ह्यातल्या एका फडात सोंगाड्या होते. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नाव आणि गाव दोन्ही गाळतो. १९७६च्या पावसाळ्यात त्यांच्या फडाला सरकारी प्रचाराचे खेळ मिळाले. विषय कुटुंबनियोजनाचा. शाळेच्या वऱ्हांड्यात, बाजार समितीच्या शेडमध्ये, जिथं आडोसा मिळेल तिथं खेळ केले.

"पैसं येळंवर आलं बघा," तात्या म्हणाले. "जत्रंची पंचकमिटी बुडवायची. सरकारनं रुपाया बुडवला न्हाई."

"वग त्यांनी दिलेला?"

"वग त्यांचा. बतावणी आमची. पण बतावणीतनं फौजदार काढला."

"काढा म्हणून कुणी सांगितलं?"

"कोन सांगतंय? फौजदारच म्होरं खुर्चीत बसल्याला."

गण-गवळण झाली की वगाआधी बतावणी येते. तिची लिखित संहिता नसते. सोंगाड्या त्या त्या गावचा सरपंच, तलाठी, फौजदार, सावकार यांना हवा तसा झोडपतो आणि गाव हसून घेतं. गरिबाला वर्षातून एकदा मिळणारी ही मोकळीक. त्या पावसाळ्यात तीच गेली, आणि ती कुठल्याही करारात लिहिलेली नव्हती. सरकारनं पैसे वगाचे दिले होते. फौजदाराबद्दलचं मौन त्यात फुकट आलं.

तेव्हा आणीबाणीला वर्ष झालं होतं. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही, पण वारं कुठल्या दिशेचं होतं ते त्यावरून कळतं. लोककलावंतांकडून सरकारी योजनांचा प्रचार करून घेणं मात्र नवं नव्हतं. केंद्र सरकारचा गीत आणि नाटक विभाग १९५४पासून ते काम करत होता. एरवी त्यात गैर काय? देवीची लस, साक्षरता, धरणं यांवर शाहिरांनी गायलं तर बिघडलं कुठं? बिघडतं ते समोरच्या माणसाला 'नाही' म्हणायची मुभा उरत नाही तेव्हा. तोच वग, तेच गाणं, पण मग त्याचा अर्थ बदलतो.

याच सुमारास किशोरकुमारांनी सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला नकार दिला, आणि मे १९७६पासून आकाशवाणीवरून त्यांची गाणी बंद झाली. हे उदाहरण आपण अभिमानानं सांगतो, सांगावंही. पण तात्यांच्या शेजारी ते ठेवताना मी अडखळतो. किशोरकुमारांकडे निर्माते होते, स्टुडिओ होते. तात्यांच्या मालकासमोर उचलीचा हिशेब आणि जेवणारी पंचवीस-तीस तोंडं होती.

आमच्या भागातलं नकाराचं मोठं उदाहरण कराडचं. डिसेंबर १९७५मध्ये तिथं एक्कावन्नावं साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण; जन्म देवराष्ट्र्याचा, शिक्षण कराडचं, बेचाळीसच्या लढ्यात स्वतः तुरुंग भोगलेले, आणि त्या घडीला केंद्रात मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. मंत्र्याच्या पाहुणचारात, ऐन आणीबाणीत, दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा विषय काढला आणि आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. माझे वडील त्या मांडवात मागे उभे होते. लोक उठून उभे राहिले तेव्हा आपण आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग डोळे मिटले, असं ते सांगत. ते इकडेतिकडे पाहणं त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दुर्गाबाईंनी निमंत्रण नाकारलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मांडव घेतला, पण मौन दिलं नाही. किंमतही मोजली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, आणि नंतर सरकारी सन्मान त्यांनी दूरच ठेवले. आदल्या वर्षी इचलकरंजीला अध्यक्ष असलेले पु. ल. देशपांडे यांनी आकाशवाणी-दूरदर्शनची नोकरी केलेली, १९६६ची पद्मश्री घेतलेली. तरी १९७७च्या निवडणुकीत ते आणीबाणीविरुद्ध सभा घेत फिरले. म्हणजे सरकारचा पैसा एकदा घेतला की माणूस कायमचा बांधला जातो, हेही खरं नाही.

तरी या प्रश्नाचं मूळ मला सांगलीत जास्त सापडतं. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या इच्छेनं आणि आश्रयानं. १८५१मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय तुटला, डोक्यावर कर्ज उरलं. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ करू लागले. भाव्यांसाठी ही आपत्तीच होती. मराठी नाटकाच्या मात्र ती पथ्यावर पडली. याच सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७मध्ये 'कीचकवध' आणलं. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला. हे नाटक कुणा दरबाराच्या बिदागीवर उभं राहिलं असतं, असं मला वाटत नाही. तिकिटावर ते चाललं. बिदागी बंद करून ते थांबवता येणं शक्य नव्हतं, म्हणून १९१०मध्ये सरकारला उघड बंदी घालावी लागली.

पण तिकिटाचंही फार कौतुक नको. १९२३पासून मुंबई इलाख्यात त्यावर करमणूक कर बसला, म्हणजे सरकार तिथंही पोचलं. आणि तात्यांच्या तिकिटाचं तर काय, पावसात तंबूच उभा राहत नाही.

आता माझ्याबद्दल. मी पदवीधर नाही. एका सहकारी संस्थेत कारकुनी करत फडांच्या नोंदी जमवल्या. काही वर्षांपूर्वी त्यांचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा एका शासकीय योजनेतून अनुदान मिळालं. अर्ज करताना मी प्रकरणांची यादी जोडली आणि १९७६च्या पावसाळ्याचं प्रकरण तिच्यात घातलं नाही. ते गाळा असं मला कुणी सांगितलं नव्हतं. उगाच कशाला, एवढाच विचार केला. अनुदानाचा दुसरा हप्ता अगदी वेळेवर आला.

पुस्तक द्यायला गेलो तेव्हा तात्यांची नजर अधू झाली होती. नातवाकडून त्यांनी अनुक्रमणिका वाचून घेतली.

"त्यात आमचा फौजदार न्हाई," ते म्हणाले.

"नाही तात्या."

"मग म्होरं कोन बसल्यालं हुतं?"