खुराड्याची हद्द

आमच्याकडं कोंबडी कधी कागदावर नव्हती. ओट्याच्या पोटात कोनाड्यासारखी पोकळी आणि तोंडाला फळी, तेच खुराडं. दिवस मावळला की कोंबड्या आपल्या आपण आत जायच्या. फळी लावून दगड टेकवला की मुंगसाची, बोक्याची काळजी मिटली. पिलं डालग्याखाली, खुडूक कोंबडी चुलीजवळच्या पाटीत. हे सगळं घराच्या अंगातच होतं. त्याला वेगळं बांधकाम कोण म्हणणार?

घरं सिमेंटची झाली, ओटे गेले आणि खुराडं परसात आलं. तिथं कायद्याशी गाठ पडली. पाच-सहा वर्षांमागं मी परसात आठ बाय सहा फुटांचं, विटांचं जोतं घालून वर पत्रा टाकायला काढला, तर शेजारून वासाची तक्रार गेली. ग्रामसेवक आले.

"तात्या, अर्ज द्या."

"कशाला? मी काय माडी बांधतोय?"

"पत्रा आला म्हणजे बांधकाम आलं."

त्यांचंही खोटं नव्हतं. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. त्यातलं कलम ५२ सांगतं, गावठाणाच्या हद्दीत इमारत बांधायची तर पंचायतीची आधी परवानगी घ्या.

कुणी म्हणालं, मग शेतात बांधा. १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात शेतघर कशाला म्हणायचं ते दिलंय. अवजारं, खत, वैरण, पीक ठेवायला, गुरांच्या निवाऱ्याला, घरच्या माणसांना नि गड्यांना राहायला, आणि शेवटी शेतीच्या कामाचा भाग असेल असं इतर काही. गुरं आहेत, कोंबडीचं नाव नाही. तिनं 'इतर काही'त बसायचं! गुरं गड्याच्या हातातली, कोंबडी बाईच्या हातातली. मीठ-मिरची, पोराची पाटी अंड्यांवर निघायची; पण ती यादी करताना बाईला विचारलं नसावं असं मला वाटतं. आणि रात्री शेतात राखण कोण करणार?

खास कोंबडीसाठी रेघ आखलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली ती २००६ च्या फेब्रुवारीत. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. रोगाच्या ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचे, दहापर्यंत नजर ठेवायची. ती रेघ गावठाण बघत नव्हती की शेत. शेडमधल्या हजारोंबरोबर परसातल्या चार-दोनही गेल्या. शेडवाल्याजवळ निदान हिशेबाची वही असते. डालग्याखालच्या कोंबड्या किती होत्या, हे त्या बाईनं कुठला कागद दाखवून सांगायचं?

नवापूर आठवलं आणि मी अर्जाला राजी झालो. अर्ज मात्र घरच्यांच्या नावानं केला, कोंबड्या त्यांच्याच. शेजाऱ्याच्या भिंतीपासून सात हात सोडायचे, खाली भाताचा तूस अंथरायचा, दर आठवड्याला विष्ठा काढून उकिरड्यावर न्यायची, एवढ्यावर मिटलं. शेजारी आता पावसाळ्याआधी तेच खत मागून नेतो.

कागदावर ओळ आली: खुराडा एक, कोंबड्या बारा. घरच्या म्हणाल्या, "आणि कोंबडा?"

तो राहिलाच.