सिस्टरच्या टेबलाजवळची खाट

सरकारी रुग्णालयातला जनरल वॉर्ड. दोन्ही भिंतींना लागून खाटांच्या रांगा, मधून चालायची वाट आणि दाराशी सिस्टरचं टेबल. नवा पेशंट वर आला की परिसेविका केसपेपर वाचते, स्ट्रेचरवरच्या माणसाकडे एकदा नीट बघते आणि वॉर्डबॉयला खाट सांगते. धाप लागलेला, रात्री ऑपरेशन होऊन आलेला, विष घेतलेला, शुद्ध हरपत चाललेला माणूस टेबलाजवळ. हर्नियाचे टाके उद्या निघणार, तो पलीकडे खिडकीपाशी. नातेवाइकांना वाटतं, रिकामी होती ती खाट मिळाली. खरं तर त्या एका मिनिटात बरंच काही ठरलेलं असतं. याच्याकडे रात्रीतून किती वेळा बघावं लागेल, याला उठवायला एक माणूस पुरेल की दोन, याला पाणी द्यायचं की तोंडही ओलं करायचं नाही. रोगाचं निदान डॉक्टरांचं, पण कोणाला कसली शुश्रूषा हवी हे ओळखणं ही वेगळी विद्या आहे, आणि तिला स्वतःचा इतिहास आहे.

आपल्याकडे त्याचं मूळ शोधायचं तर चरकसंहितेपर्यंत जावं लागतं. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला सेवेची जाण हवी, तो दक्ष हवा, रोग्यावर त्याची माया हवी आणि तो स्वच्छ हवा. हा भाग अनेकांना ठाऊक असतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पंधरावा अध्याय. वमन-विरेचनासारखे उपचार करण्याआधी घर कसं सज्ज ठेवावं, हे तिथे बारकाईने सांगितलं आहे. वारा अंगावर येऊ नये, पण हवा खेळती असावी. धूर, ऊन, धूळ आत येऊ नये. आणि माणसं कोणती असावीत? वरण-भात रांधणारे, अंघोळ घालणारे, अंग रगडणारे, उठवून बसवणारे, निजवणारे, औषधं वाटणारे. त्यांच्या जोडीला गाणारे, वाजवणारे, गोष्टी सांगणारे. दारात दुभती गायसुद्धा. आजाऱ्याला उठवणं आणि निजवणं ही स्वतंत्र कौशल्यं आहेत, हे ज्याने लिहिलं त्याने आजाऱ्याला स्वतः उचललेलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

पण हे घर राजाचं किंवा मोठ्या धनवंताचं आहे; चरकसंहिता तसं स्पष्टच सांगते. एका रोग्याभोवती दहा माणसं असताना आधी कोणाकडे बघायचं, हा प्रश्नच पडत नाही. रोगी शंभर आणि हात चार झाले, की तो पडतो.

युरोपात तो रणांगणावर पडला. फ्रेंच सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक-जाँ लॅरे याने १७९० च्या दशकात जखमींना उचलून आणण्यासाठी हलक्या, वेगवान घोडागाड्या काढल्या आणि एक नियम घातला: ज्याची जखम जिवावरची, त्याच्यावर उपचार आधी, हुद्दा बघायचा नाही. सेनापतीचं खरचटणं मागे आणि शिपायाचा तुटलेला पाय पुढे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. मात्र लॅरेने ठरवला तो क्रम. पाय कापून झाल्यावर पुढचे वीस दिवस त्या शिपायाकडे कोणी, किती वेळा आणि काय बघायचं, हे मोकळंच राहिलं.

ते काम फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ती ३८ स्त्रियांना घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. तिचा दिवा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मला मात्र तिच्या १८५९ सालच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मधलं रुग्णनिरीक्षणावरचं प्रकरण जास्त थोर वाटतं. काय बघायचं आणि कसं बघायचं, हा परिचारिकेला द्यायचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, असं ती सांगते. रात्र बरी गेली का, असल्या मोघम प्रश्नांवर ती तुटून पडते. किती तास झोप लागली, कितीला जाग आली, जेवण किती गेलं, हे विचारा म्हणते. अंगावर बेडसोर झाला, खाल्ल्यावर मळमळलं, अंग गार पडलं, तर दोष बहुतेक वेळा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असंही तिने लिहून ठेवलं. आजही वाचताना हे बोचतं. पण याच वाक्यामुळे शुश्रूषा ही चुकू शकणारी, म्हणून शिकवता येणारी गोष्ट ठरली. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. लांबट वॉर्ड, दोन्हीकडे उंच खिडक्या, खाटांच्या दोन रांगा आणि एका नजरेत सगळे रुग्ण, ही रचनाही तिच्याच आग्रहाने रूढ झाली. आपल्या जुन्या रुग्णालयांतले वॉर्ड याच कुळातले.

नजरेला पहिलं यंत्र मिळालं ते थर्मामीटर. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या तापाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस ऑलबट यांनी पाच मिनिटांत ताप दाखवणारं, सहा इंचांचं थर्मामीटर बनवलं. आधीची फूटभर लांब असत आणि वीस मिनिटं घेत. हे छोटं थर्मामीटर हळूहळू परिचारिकेच्या हाती आलं आणि खाटेच्या पायथ्याशी तापाचा आलेख लटकू लागला. तिने पहाटे चारला पाहिलेलं सकाळी नऊला डॉक्टरांना दिसू लागलं, हा मला त्यातला मोठा बदल वाटतो.

आपल्याकडे त्या वेळी प्रश्न आणखी आधीचा होता: परक्या रोग्याला हात कोण लावणार? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी त्याचं उत्तर दिलं. मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवस्तीतलं प्लेग झालेलं एक मूल त्यांनी स्वतः उचलून तिथे नेलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि त्याने स्त्रियांना, त्यात विधवांनाही, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं. रक्त, मलमूत्र आणि कोणत्याही जातीच्या माणसाचं शरीर हाताळायचं काम सोवळ्याओवळ्याच्या पुण्यात या स्त्रियांनी पत्करलं. त्यांच्याआधी आपल्या वॉर्डांत निवड कसली करणार? करायला माणसंच फार थोडी होती.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाटा वाटल्या जात त्या रोगानुसार किंवा डॉक्टरांच्या युनिटनुसार. ही पद्धत मोडली कोपनहेगनमध्ये, १९५२ च्या उन्हाळ्यात. पोलिओची साथ आली होती. ब्लेगडॅम रुग्णालयात रोज डझनावारी रुग्ण येत होते आणि श्वास देणारी मोठी टाकी होती एक, छातीवर बसवायची यंत्रं सहा. श्वासाचे स्नायू गेलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी घशाला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा, असा उपाय सुचवला. पिशवी दाबायला माणसं हवी होती. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटांपाशी बसले. एका खाटेला एक विद्यार्थी, शिवाय परिचारिका, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. ऐंशी टक्क्यांच्या वर असलेलं मृत्यूचं प्रमाण चाळीसच्या आसपास आलं. साथ ओसरल्यावर १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच वेगळा अतिदक्षता विभाग सुरू केला. तिथे प्रवेशाची अट रोगाचं नाव नव्हती. या माणसाला सतत कोणीतरी जवळ हवं आहे का, एवढंच बघायचं. सिस्टरच्या टेबलाजवळच्या खाटेची पुढे स्वतंत्र खोली झाली ती अशी.

आयसीयूच्या यंत्रांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण निवडीच्या या विद्येला सर्वांत खोल वळण दिलं ते वृद्धांच्या वॉर्डात काम करणाऱ्या एका इंग्रज परिचारिकेने, आणि तिची ओळख आपल्याकडे फार कमी आहे. डोरीन नॉर्टन. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचे बेडसोर हा तिचा विषय. माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग हाडापर्यंत खड्डा पडतो. पाठीला स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची, तऱ्हेतऱ्हेची मलमं फासायची, असा रिवाज होता. नॉर्टन आणि तिच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याची पद्धतशीर तपासणी केली आणि १९६२ मध्ये निष्कर्ष मांडले: चोळण्यालावण्याने फारसं काही साधत नाही, ठरावीक तासांनी कूस बदलून दाब हटवला तर साधतं.

पण कूस कोणाची बदलायची? सगळ्यांची दर दोन तासांनी बदलायला माणसं नव्हतीच. म्हणून तिने पाच प्रश्न काढले. प्रकृती एकूण कशी आहे, मन जागं आहे का, चालता-फिरता येतं का, अंथरुणात स्वतःहून वळता येतं का, मलमूत्रावर ताबा आहे का. प्रत्येकाला चारपासून एकपर्यंत गुण. बेरीज १४ किंवा त्याखाली आली तर हा माणूस धोक्यात. यातला एकही प्रश्न रोगाचं नाव विचारत नाही. पक्षाघात असो, मांडीचं हाड मोडलेलं असो की स्मृतिभ्रंश, पाठ कोणाची जाणार हे या पाच उत्तरांवर ठरतं. ही उत्तरं रोज अंथरूण घालणाऱ्या परिचारिकेकडे आधीपासून होती. नॉर्टनने ती कागदावर आणली.

अशा शुश्रूषेने काय साधतं, याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईत आहे. अरुणा शानभाग स्वतः केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्याविषयीच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं की एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोर झालेला नाही. ज्याने घरात कोणाला सहा महिने अंथरुणात सांभाळलं आहे, त्याला या एका नोंदीपुढे हात जोडावेसे वाटतील.

नॉर्टनच्या आगेमागे अशी मोजमापं आणखी आली. नवजात बाळासाठी व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये पाच लक्षणांचा स्कोअर प्रसिद्ध केला. डोक्याला मार लागलेल्यांसाठी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये डोळे, बोलणं आणि हालचाल यांची श्रेणी दिली. ‘जरा गुंगीत आहे’ हे एका पाळीच्या सिस्टरने लिहिलेलं दुसरीला वेगळंच समजे, ते त्यामुळे थांबलं.

सर्वसाधारण वॉर्डातल्या हरतऱ्हेच्या रुग्णांसाठी मात्र एक माप मिळायला शतक सरावं लागलं. इंग्लंडमध्ये १९९७ मध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारा स्कोअर मांडला गेला आणि २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्याचं राष्ट्रीय रूप काढलं. त्याचं नाव न्यूज. कसं चालतं ते बघा. न्यूमोनियाचा एक पेशंट आहे. श्वास मिनिटाला २२, नाडी ११२, ऑक्सिजन ९५ टक्के, ताप १०१.३, रक्तदाब ठीक, शुद्धीवर आहे, बोलतो आहे. एकेक आकडा पाहिला तर कोणी धावत येणार नाही. गुण मात्र दोन, दोन, एक, एक, म्हणजे सहा होतात. पाच किंवा त्याहून जास्त झाले की तासातासाला बघायचं आणि डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. सात झाले की नजर हलवायची नाही. शून्य असेल तर बारा तासांनी बघितलं तरी चालतं. रात्री दोनला नव्या परिचारिकेने वरिष्ठ डॉक्टरांना उठवावं की नाही, हे तिच्या धीटपणावर सोडायचं कारण उरलं नाही.

एकच माप सगळ्यांना लावण्यातली खोच लवकरच दिसली. वर्षानुवर्षं बिडी ओढून किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं गेलेल्या काही माणसांचा ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के असणं हेच योग्य असतं. जास्त ऑक्सिजन दिला तर त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. जुन्या स्कोअरमध्ये अशा माणसाला ९० टक्क्यांना थेट तीन गुण पडत. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत त्यांच्यासाठी वेगळी पट्टी आली. डॉक्टरांनी तसं ठरवलं तर तेच ९० टक्के शून्य गुणांचे. शिवाय कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज सुनेला ओळखत नाही, हा नव्याने आलेला गोंधळ एकटाच तीन गुणांचा ठरला. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना हे माप लावायचंच नाही, हेही बजावलेलं आहे.

आकड्यांत न बसणारं उरतंच. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० मध्ये तातडीचं वैद्यकीय पथक सुरू झालं. त्याला कधी बोलवायचं याच्या निकषांत नाडी आणि रक्तदाबाबरोबर, परिचारिकेला या रुग्णाची काळजी वाटते आहे, एवढंही कारण धरलं गेलं. अनुभवी सिस्टर खाटेपाशी थबकते आणि म्हणते, हा मला बरा दिसत नाही. त्या वाक्याला यंत्राच्या आकड्याइतकं वजन द्यायला मी कधीही तयार आहे.

अडतं ते मोजण्याच्या वेळेपाशी. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा असतो. तो न मोजता कागदावर अंदाजाने १८ किंवा २० लिहिला जातो, ही तक्रार जगभर आहे. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एकच अधिपरिचारिका असेल, तर नुसते श्वास मोजण्यात तिची चाळीस मिनिटं जातील. इंजेक्शनं, सलाइन, कूस बदलणं त्यानंतर. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. अमेरिकेत लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवलं की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या महिन्याभरातल्या मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने तर परिचारिका आणि रुग्ण यांचं प्रमाण कायद्यानेच बांधून दिलं, आणि ते २००४ पासून लागू आहे.

आपल्याकडे पदं मंजूर होतात ती खाटांवर. खाटेवर कोण आहे, हर्नियाचा पेशंट की सहा गुणांचा न्यूमोनिया, याचा त्या हिशेबात पत्ता नसतो. वॉर्डातल्या गुणांची बेरीज दर पाळीला काढावी, पाचच्या वर गेलेले रुग्ण ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाले की त्या पाळीला आणखी एक अधिपरिचारिका मिळावी, असा नियम एका जिल्हा रुग्णालयाने वर्षभर तरी चालवून बघायला हवा. बेरीज करायला लागणारे सगळे आकडे परिसेविकेच्या वहीत आत्ताही आहेत.