रुग्णालयाचे दप्तर आणि कर्करोग

जुनाट व्याधीने जर्जर झालेल्या माणसाला कर्करोग लवकर गाठतो, की ती व्याधीच त्याला कर्करोगापासून राखते? या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या दप्तरातून शोधण्याचा प्रघात विसाव्या शतकात पडला. प्रघात चांगलाच होता. परंतु दप्तर वाचण्याचीही एक विद्या आहे, आणि ती कशी शिकावी लागली एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या सुमारे ७,५०० शवविच्छेदनांच्या नोंदी रेमंड पर्ल या जीवशास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांत ८१६ मृतांना कर्करोग झालेला आढळला. वय, लिंग, वंश आणि मृत्यूचा काळ जुळणारे, पण कर्करोग नसलेले तितकेच मृत त्यांनी तुलनेला घेतले. कर्करोग्यांपैकी ६.६ टक्क्यांत सक्रिय क्षयाच्या खुणा सापडल्या. दुसऱ्या गटात १६.३ टक्क्यांत. या दोन रोगांत वैर आहे, असे अनुमान पर्ल यांनी १९२९ साली मांडले. ते कागदावरच राहिले नाही. क्षयजंतूंपासून केलेले ट्युबरक्युलिन कर्करोग्यांना टोचून पाहण्यात आले.

चूक मग कोठे होती? आकडे खरे होते. पण क्षय हा त्या काळी माणसाला रुग्णालयात आणणारा आणि तेथेच त्याचा अंत करणारा रोग होता. साहजिकच कर्करोग नसलेल्या मृतांत क्षयरोग्यांचा भरणा अधिक होता. त्याच वर्षी कार्लसन आणि बेल यांनी दुसऱ्या शवविच्छेदनांत कर्करोग्यांची तुलना हृदयविकाराने मेलेल्यांशी केली, तेव्हा ते वैर उरलेच नाही. पुढे १९४६ साली मेयो क्लिनिकमधील जोसेफ बर्कसन यांनी यामागचे गणित उलगडले: गावात ज्या दोन रोगांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यांचा रुग्णालयाच्या भिंतींआड संबंध दिसू शकतो, कारण प्रत्येक रोग माणसाला तेथे सारख्याच प्रमाणात आणत नाही.

म्हणून दप्तरे निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. आधी माणसे मोजावीत, मग त्यांतले रोगी. तैवानात पामर बीझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांचे रक्त आधी तपासले आणि मग काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्यांतील ३,४५४ जणांच्या रक्तात यकृतदाहाचा ‘ब’ विषाणू होता. १९८१ साली त्यांनी कळविले, की यकृताच्या कर्करोगाने दगावलेल्या ४१ जणांपैकी ४० याच थोड्या लोकांतले होते. १९८४ साली तेथे नवजात बालकांना या विषाणूची लस देण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आपल्याकडे मुंबईतही १९६३ साली एका रुग्णालयाची नव्हे, तर साऱ्या शहराची कर्करोगनोंद ठेवण्यास आरंभ झाला. तिचे मोल यातच आहे.

दप्तर खोटे बोलत नाही. पण त्यात कोण आले आणि कोण आलेच नाही, हे ते आपण होऊन सांगत नाही. ते विचारणे आपल्याकडे असते, आणि न विचारल्याची किंमत रोग्याला द्यावी लागते.